सैफची रिक्षा आणि सुएझचा कालवा: जगाच्या बातम्यांची सवय कशी लावावी

१६ जानेवारी २०२५, गुरुवार. संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते आणि घरात तिळगुळाचा डबा अजून रिकामा व्हायचा होता. सकाळी फोन उघडला तेव्हा वांद्र्याच्या घरात शिरलेल्या माणसाने सैफ अली खानवर चाकूने वार केल्याची बातमी सर्वत्र होती. तो पहाटे रिक्षाने लीलावती रुग्णालयात पोहोचला, अंगावर सहा जखमा होत्या, त्यांतल्या दोन खोल होत्या आणि मणक्यापाशी रुतलेला पात्याचा तुकडा शस्त्रक्रिया करून काढावा लागला, इतका तपशील संध्याकाळपर्यंत मला पाठ झाला होता. आदल्या रात्री, आपल्याकडे मध्यरात्र होत आली असताना, कतारच्या पंतप्रधानांनी दोहा येथे गाझातील युद्धविरामाची घोषणा केली होती. गुरुवारी सकाळीच इस्रोने स्पेडेक्स मोहिमेतील दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले आणि हे साधणारा भारत चौथा देश ठरला. केंद्रीय मंत्रिमंडळाने आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली तीही त्याच दिवशी. वेतन आयोगाचे मला शेजारच्या निवृत्त काकांनी जिन्यात सांगितले. युद्धविरामाच्या बातमीचे मात्र मी शीर्षक तेवढे वाचले आणि पुढे सरकलो.

शनिवारी मामेभावाचा फोन आला. तो दिंडोरी तालुक्यात द्राक्षे पिकवतो आणि त्याच्या बागेतला काही माल युरोपला जातो. मी सैफचा विषय काढताच तो म्हणाला, "दादा, ते राहू द्या. तांबडा समुद्र उघडणार का, तेवढं सांगा. दोन आठवड्यांत माझी तोडणी आहे." मला उत्तर देता आले नाही. रिक्षावाल्याने भाडे घेतले नाही, हे मला ठाऊक होते. ज्या रस्त्याने माझ्या मामाच्या बागेतली द्राक्षे रॉटरडॅमला जातात, त्या रस्त्याविषयी ठाऊक नव्हते.

त्यानंतरच्या काही महिन्यांत मी जी पद्धत बसवली ती येथे क्रमाने मांडतो. तिच्यात सिनेमाच्या बातम्या सोडून देण्याची अट नाही. तसा प्रयत्न मी पूर्वी दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा तो एकादशीच्या उपासासारखा निघाला: दिवसभर पथ्य, आणि रात्री साबुदाण्याची खिचडी दुप्पट.

आठ दिवसांची वही

सुरुवात हिशेबाने करावी. घरातली एखादी जुनी वही घेऊन आठ दिवस, दिवसातून दोनदा, कोणत्या बातम्या उघडल्या ते लिहावे. प्रत्येक बातमी लिहिण्याची गरज नाही. जी बातमी आपण दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा उघडली तेवढीच लिहावी आणि तिच्यापुढे, त्या वेळी नवीन काय कळले, ते एका ओळीत नोंदवावे. जिथे नवीन काही कळले नाही तिथे ओळ कोरी राहू द्यावी. माझ्या वहीत सैफच्या घराच्या जिन्याचे चित्रीकरण, रुग्णालयाचे प्रवेशद्वार आणि रिक्षाचालकाची मुलाखत यांच्यापुढच्या ओळी दुसऱ्या दिवसापासून कोऱ्या होत्या, तरीही नोंदी वाढतच होत्या. ही कोरी जागा डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पुढचे काही करू नये, कारण आपण किती वेळ घालवतो याबद्दलचा आपला अंदाज नेहमीच आपल्याला झुकते माप देणारा असतो.

हिशेब करताना स्वतःवर अन्यायही करू नये. महानगराच्या मध्यवस्तीत, पहारेकरी असलेल्या इमारतीत रात्री कोणी शिरून कुटुंबावर हल्ला करतो, ही खरीखुरी बातमी होती आणि पहिल्या दिवशी ती पहिल्या पानावर असण्यात काही गैर नव्हते. बातमी दीड दिवसात संपली, तिचे प्रक्षेपण मात्र संपले नाही. वाहिन्यांचे गणितही साधे आहे. वांद्र्यात एक गाडी, एक वार्ताहर आणि एक कॅमेरा उभा केला की दिवसभराची वेळ भरून निघते. दोह्याला माणूस पाठवायचा तर व्हिसा, विमान, मुक्काम, दुभाषी आणि त्यावर विषय समजलेला संपादक लागतो.

ओढ कशाची आहे ते ओळखावे

सैफची बातमी आपल्याला ओढून नेते, कारण तिची पूर्वतयारी आपण तीस वर्षे करत आलो आहोत. त्याची आई शर्मिला टागोर, वडील मन्सूर अली खान पतौडी, पत्नी करीना, मुलांची नावे, हे सगळे आपल्याला न शिकवता येते. जागा ओळखीची आहे. वांद्र्याहून लीलावतीला रिक्षाने किती वेळ लागेल याचा अंदाज मुंबईकराला लगेच येतो. गोष्ट रोज थोडी पुढे सरकते आणि तिला शेवट असतो: २१ जानेवारीला तो रुग्णालयातून घरी गेला.

आता गाझाची बातमी पाहा. ती नेहमी मधूनच सुरू होते. 'फिलाडेल्फी कॉरिडॉरवरून मतभेद' असे शीर्षक येते, पण तो पट्टा कुठे आहे, कोणाला का हवा आहे आणि गेल्या वेळी बोलणी कुठे अडली, हे बातमीदार गृहीत धरतो. मालिकेचा चारशेवा भाग प्रथमच पाहणाऱ्याला जे वाटेल तेच आपल्याला वाटते आणि आपण उठून जातो. यात आपल्या बुद्धीचा किंवा संवेदनशीलतेचा दोष नाही; मागचे भाग आपण पाहिलेले नाहीत, एवढेच. म्हणून उपाय असा की, सिनेमाच्या बातम्या आपल्याकडून जे काम नकळत करून घेतात, म्हणजे पात्रे ओळखणे, जागा ओळखणे, मागचा भाग लक्षात ठेवणे आणि पुढच्याची वाट पाहणे, तेच काम जगातल्या एका विषयासाठी जाणूनबुजून करावे.

एकच विषय, आणि तो स्वयंपाकघरातून निवडावा

एकच, हे महत्त्वाचे आहे. युक्रेन, तैवान, सुदान, अमेरिकेचे आयातशुल्क आणि हवामान परिषद असे सगळे एकदम घेणाऱ्याची वही चौथ्या दिवशी बंद पडते. विषय निवडताना 'जगासाठी महत्त्वाचे काय' असे विचारू नये, कारण त्याची यादी संपत नाही. आपल्या घरातली कोणती वस्तू, कोणता माणूस किंवा कोणता खर्च बाहेरच्या देशाला बांधलेला आहे, असे विचारावे.

तेलाचा डबा घ्या. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ रोजी पामतेलाची निर्यात थांबवली आणि २३ मे रोजी ती पुन्हा सुरू केली. एरवी जकार्ताचे नाव न घेणाऱ्या किराणा दुकानदाराच्या तोंडी तेव्हा इंडोनेशिया होता. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के केले, तेही सोयाबीन उत्पादकांचा विचार करून. म्हणजे एकाच निर्णयात लातूरच्या शेतकऱ्याचा भाव आणि पुण्यातल्या घराचा किराणा एकमेकांसमोर उभे राहिले. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराने बांगलादेशचे आयातशुल्क हा विषय घ्यावा, कारण त्याची संत्री तिकडेच मोठ्या प्रमाणात जात आणि ढाक्याने शुल्क वाढवत नेल्यावर त्याच्या बांधावरचा भाव पडला. ज्यांच्या घरातले कोणी आखातात नोकरीला आहे, किंवा गोव्यात आणि कोकणात ज्यांच्या घरचे कोणी जहाजावर आहे, त्यांना विषय शोधावाच लागत नाही.

मी अर्थातच मामेभावाचा तांबडा समुद्र घेतला.

पात्रपरिचयाचे एक पान

विषय ठरला की एका निवांत दुपारी तासभर बसून त्याची पूर्वपीठिका एका पानावर लिहून काढावी. हे पान पाठ करायचे नसते. बातमी वाचताना शेजारी ठेवायचे असते. माझे पान साधारण असे होते.

तांबड्या समुद्राचे दक्षिणेकडचे तोंड म्हणजे येमेन आणि आफ्रिका यांच्यामधली बाब-अल-मंदबची सामुद्रधुनी, आणि उत्तरेकडचे तोंड म्हणजे १८६९ साली खुला झालेला, १९३ किलोमीटर लांबीचा सुएझ कालवा. न्हावाशेवाहून युरोपला जाणारा कंटेनर या दोन्ही तोंडांतून जातो. येमेनच्या मोठ्या भागावर हुती बंडखोरांचा ताबा आहे. गाझातील युद्ध ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाल्यावर त्यांनी पॅलेस्टिनींच्या पाठिंब्याचे कारण देऊन जहाजांवर हल्ले सुरू केले आणि १९ नोव्हेंबर २०२३ रोजी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज २५ खलाशांसह ताब्यात घेतले. मोठ्या जहाज कंपन्यांनी मग आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जायला सुरुवात केली. या वळशाने प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी वाढतो. द्राक्षाच्या पेटीसाठी दोन आठवडे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको: शीतकंटेनरमध्येही देठ सुकतो, मणी गळतो, आणि माल पोहोचेपर्यंत भाव दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेला असतो.

पानाच्या दुसऱ्या बाजूला मी गाझाची माहिती लिहिली, कारण हुतींचे पुढचे पाऊल तिथल्या युद्धविरामावर अवलंबून होते. पट्टी सुमारे ४१ किलोमीटर लांब आहे, म्हणजे चर्चगेट ते बोरिवली या अंतरापेक्षा थोडी अधिक. क्षेत्रफळ ३६५ चौरस किलोमीटर आणि वस्ती वीस लाखांहून अधिक. असे आपल्या पायाखालचे माप लावल्याशिवाय परदेशातले आकडे डोक्यात राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मध्यस्थ तीन: कतार, इजिप्त आणि अमेरिका.

मराठी वाचकाला येथे एक खास अडचण येते. परदेशी नावांचे लेखन प्रत्येक वर्तमानपत्रात वेगळे असते. हुती, हौथी, हूथी हे सगळे एकच आहेत. पानाच्या समासात ही सगळी रूपे लिहून ठेवावीत, नाहीतर शोध घेताना निम्म्या बातम्या सापडत नाहीत आणि एकाच गटाला आपण तीन गट समजून बसतो. नकाशाही चिकटवावा. शाळेच्या दुकानात मिळणारा जगाचा राजकीय नकाशा पुरतो. फोनवरचा नकाशा बोटाने मोठा-लहान होत राहतो, त्यामुळे अंतराची जाणीव टिकत नाही.

बातमी वाचताना क्रियापद धरावे

या पद्धतीतला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आंतरराष्ट्रीय बातमीत 'झाले' आणि 'होणार' यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात, आणि शीर्षकात त्या सगळ्या एकाच पायरीसारख्या दिसतात. गाझाचा युद्धविराम १५ जानेवारीला जाहीर झाला. इस्रायलच्या मंत्रिमंडळाने त्याला १८ तारखेच्या पहाटे मंजुरी दिली. आणि तो अमलात आला रविवारी, १९ जानेवारीला, तोही ठरलेल्या वेळेनंतर जवळजवळ तीन तासांनी, कारण सुटणाऱ्या ओलिसांची नावे त्यांना पकडून ठेवणाऱ्या हमास या गाझातील सशस्त्र संघटनेकडून वेळेवर आली नव्हती. त्या दिवशी तीन इस्रायली महिला आणि ९० पॅलेस्टिनी कैदी सुटले. जाहीर, मंजूर, लागू: या तीन शब्दांपैकी बातमीत कोणता आहे, ते पेन्सिलीने अधोरेखित करावे. गुरुवारी ज्याने 'युद्ध थांबले' असे वाचले, त्याला त्या तीन दिवसांत गाझामध्ये पडलेले बाँब समजावून सांगता आले नसते.

त्यानंतर बातमीतून पुढची तारीख काढावी. करारानुसार पहिला टप्पा ४२ दिवसांचा होता आणि त्यात ३३ ओलीस सुटायचे होते; दुसऱ्या टप्प्याची बोलणी सोळाव्या दिवशी सुरू व्हायची होती. मी कालनिर्णयवर दिवस मोजले. सोळावा दिवस ३ फेब्रुवारीला येत होता आणि बेचाळिसावा १ मार्चला, महाशिवरात्रीनंतरच्या शनिवारी. दोन्ही चौकोनांत पेन्सिलीने एकेक बारीक टिंब दिले. घरातल्यांनी ते दूधवाल्याचे खाडे समजले, पण मला वाट पाहण्यासाठी तारीख मिळाली होती, आणि मालिकेची गोडी वाट पाहण्यातच असते.

शेवटी, कोण सांगत आहे ते पाहावे. अल जझीराला पैसा कतारकडून येतो आणि कतार या बोलण्यांत मध्यस्थ होता. म्हणून ती वाहिनी टाकून देऊ नये, पण तिच्याबरोबर एखादे इस्रायली वर्तमानपत्रही वाचावे. मृतांचा आकडा आला की तो कोणत्या यंत्रणेने दिला ते त्याच ओळीत वहीत लिहावे. ही शिस्त सिनेमाच्या बातम्यांनाही तितकीच लागू पडते. सैफच्या हल्लेखोराचा शोध चालू असताना दुसऱ्या राज्यात रेल्वेतून उतरवलेल्या एका निरपराध माणसाचे छायाचित्र 'संशयित' म्हणून देशभर फिरले. पुढे त्याने सांगितले की त्यापायी त्याची नोकरी गेली आणि ठरलेले लग्न मोडले. ते छायाचित्र मीही पाहिले होते, आणि माझ्या वहीत त्यापुढे 'आरोपी सापडला' असे लिहिलेले आहे.

वेळ आणि फोन

दिवसाला पंधरा मिनिटे पुरतात, मात्र ती ठरलेली असावीत. मी सकाळच्या चहाबरोबर आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकतो, कारण जेमतेम दहा मिनिटांत त्या संपतात आणि त्यांत कोणी ओरडत नाही. त्यानंतर वर्तमानपत्राचे देश-विदेशाचे पान आधी आणि पहिले पान नंतर, असा क्रम लावला आहे. रविवारी निवडलेल्या विषयावरचा एक मोठा लेख वाचावा. लेख मिळाला नाही तर आपले पान पुन्हा वाचून त्यात दुरुस्ती करावी.

फोनचे काम एकदाच करावे लागते. यूट्यूबवर नको असलेल्या चित्रफितीशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबून तिच्यात रस नसल्याचे कळवता येते आणि त्या चॅनेलची शिफारसही थांबवता येते. पाहिल्याचा जुना इतिहास पुसून, निवडलेल्या विषयाच्या चार-पाच चांगल्या चित्रफिती मुद्दाम शोधून पाहिल्या की काही दिवसांत समोर येणारी यादी बदलू लागते. रात्री अंथरुणात मात्र युद्धाची बातमी वाचू नये. त्या वेळेला सिनेमाच बरा.

सिनेमाच्या बातमीचे दार

सिनेमाची बातमी वाचायचीच असेल तर ती शेवटपर्यंत वाचावी, कारण कधीकधी तिच्या मागच्या दाराने आपण भलतीकडेच निघतो. सैफ रुग्णालयात असतानाच्या आठवड्यात भोपाळच्या नवाब घराण्याच्या मालमत्तेचा वाद पुन्हा बातम्यांत आला होता. त्याची आजी साजिदा सुलतान भोपाळच्या शेवटच्या नवाबाची मुलगी. तिची थोरली बहीण आबिदा सुलतान फाळणीनंतर पाकिस्तानात गेली, आणि त्या आधारावर ही मालमत्ता 'शत्रू मालमत्ता' ठरते की नाही, यावरून मध्य प्रदेशात न्यायालयीन लढाई झाली. नटाच्या घराण्याची म्हणून उघडलेल्या बातमीतून मी १९६८ च्या शत्रू मालमत्ता कायद्यापर्यंत आणि २०१७ साली त्यात झालेल्या दुरुस्तीपर्यंत पोहोचलो, आणि एका बहिणीच्या स्थलांतराने दुसऱ्या बहिणीच्या वारसांचे काय होऊ शकते ते प्रथमच नीट समजले. बातमी उघडल्यावर तिच्यात कायद्याचे, देशाचे किंवा संस्थेचे एखादे नाव दिसते का ते पाहावे. दिसले तर धागा ओढावा. नुसतीच विमानतळावरची छायाचित्रे असतील तर पाहून मिटावे, त्यात अपराध नाही.

माझ्या वहीत २१ आणि २२ जानेवारीच्या नोंदी एकाखाली एक आहेत. वरची सैफ घरी गेल्याची. खालची, 'गॅलेक्सी लीडर'चे २५ खलाशी चौदा महिन्यांच्या कैदेनंतर हुतींनी सोडल्याची. पहिली बातमी मला सहा जणांनी सांगितली होती, दुसरी मीच शोधून काढली होती, आणि खरे सांगायचे तर तिचा आनंद एखाद्या आवडत्या पात्राच्या सुटकेसारखाच झाला.

जहाजे लगेच परतली नाहीत. युद्धविरामानंतर हुतींनी आपले हल्ले इस्रायली जहाजांपुरते मर्यादित ठेवण्याचे जाहीर केले, परंतु मोठ्या कंपन्यांनी थांबून पाहण्याचे ठरवले. पहिला टप्पा १ मार्चला संपला, दुसऱ्याचे काही ठरले नाही, आणि १८ मार्चला इस्रायलने गाझावर पुन्हा मोठे हल्ले केले. त्याच आठवड्यात मामेभावाला मीच फोन केला आणि सांगितले, "अजून केपवरूनच चाललंय. उरलेल्या मालाला तू लांबचाच रस्ता धर."

"तोच धरलाय, दादा," तो म्हणाला. मागे पॅकहाऊसमध्ये पेट्यांना पट्ट्या मारण्याचा आवाज येत होता. मग थोडे थांबून त्याने विचारले, "आणि तुमचा सैफ कसाय आता?"